हृदय, फुफ्फुसं आणि किडनी : एकाचं दुखणं दुसऱ्याकडे कसं जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासणीची खोली मिळते पाच-दहा मिनिटं. खरे प्रश्न सुचतात बाहेर आल्यावर, हातात रिपोर्ट घेऊन बसल्यावर. तसे प्रश्न इथे घेतले आहेत. ही माहिती तुमच्या डॉक्टरांची जागा घेणारी नाही. पण पुढच्या वेळी त्यांना काय विचारायचं, हे तरी यातून ठरवता येईल.

आजार हृदयाचा आहे, मग दर वेळी क्रिएटिनिन कशाला तपासतात?

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ, किडनीचं गाळणं मंदावलं की त्याचा आकडा चढतो. तो तपासतात, कारण किडनी हे हृदयाचं फार मोठं गिऱ्हाईक आहे. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून साधारण ३०० ग्रॅम, शरीराच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का. पण हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं आणि त्यातलं लिटरभर या दोघींकडे जातं. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं, बाकी सगळं परत रक्तात.

ही गाळणी दाबावर चालते. हृदय कमजोर झालं, पुढून येणारं रक्त कमी झालं, की गाळणं मंदावतं. एवढं कोणालाही पटतं. लक्षात येत नाही ती दुसरी बाजू. किडनीतून बाहेर पडणारं रक्त शिरांतून हृदयाकडेच परत जायचं असतं. हृदयाला ते पुढे ढकलणं झेपेनासं झालं की शिरांत तुंबारा होतो आणि तो दाब उलटा किडनीपर्यंत पोचतो. मोरी तुंबलेली असताना वरून नळ कितीही सोडला तरी काय उपयोग? हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडण्याच्या आजारात, किडनी बिघडण्याचं कारण म्हणून पूर्वी सगळा भर 'रक्त कमी पोचतं' यावर असायचा. आता हा मागचा तुंबाराही तितकाच, अनेक रुग्णांत तर जास्त महत्त्वाचा मानला जातो. याचा उपचारावर थेट परिणाम होतो. त्याबद्दल पुढे क्रिएटिनिनच्या प्रश्नात सांगितलं आहे.

किडनी चांगली होती, तरी हृदय कमजोर झाल्यावर ती पाणी का धरून ठेवते?

तिची फसगत होते म्हणून. किडनीला हृदय दिसत नाही, तिला कळतो फक्त दाब आणि प्रवाह. रक्तस्राव झाला किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तरी प्रवाह घटतो, आणि हृदयाचा पंप थकला तरी घटतो. किडनी दोन्हींचा अर्थ एकच लावते : शरीरातलं पाणी कमी झालं, मीठ-पाणी राखा.

त्यासाठी ती रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. १८९८ मध्ये टीगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीच्या अर्कातून त्याचा शोध लावला. रेनिनपासून पुढे जी साखळी सुरू होते ती पाहण्यासारखी आहे. कच्चा माल यकृताचा, सुरुवात करून देणारी किडनी, आणि शेवटचं जोरकस रूप, म्हणजे अँजिओटेन्सिन-२, मोठ्या प्रमाणात तयार होतं ते फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. मग ते रक्तवाहिन्या आवळतं, मीठ धरून ठेवायला लावतं आणि हृदयाच्या स्नायूत हळूहळू चिवट तंतू वाढवतं. खऱ्या रक्तस्रावात ही यंत्रणा जीव वाचवते. थकलेल्या हृदयावर मात्र तीच आणखी ओझं टाकते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन ही औषधं याच साखळीत खीळ घालतात.

हृदयाच्या बाजूनेही प्रतिकार होतो. ताणलेल्या कप्प्यांतून ते मीठ बाहेर टाकायला लावणारी संप्रेरकं सोडतं. त्यातलं पहिलं १९८१ मध्ये आदोल्फो दे बोल्ड यांच्या प्रयोगांतून उजेडात आलं. बीएनपी नावाची जी रक्ततपासणी तुम्हाला लिहून देतात, ती याच कुटुंबातली.

उलटंही होतं का? किडनीच्या आजाराने हृदय बिघडतं?

हो, आणि हे आज-काल कळलेलं नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की किडनी खराब होऊन दगावलेल्या अनेक रुग्णांचं हृदय जाड झालेलं आढळतं. रक्तदाब मोजायची सोय तेव्हा नव्हती.

आज कारणं बरीच माहीत आहेत. बीपी वाढतं. अंगात पाणी साठतं. किडनी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या रक्तपेशी बनवायला लावणारं संप्रेरक, कमी बनवू लागते, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरतं आणि तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. रक्तातलं फॉस्फेट वाढून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, त्या कडक होतात. पोटॅशियम वाढलं तर ठोक्यांची लय बिघडते आणि हा प्रकार कधी कधी काहीही न दुखता येतो.

किडनीचा जुना आजार असलेल्या माणसाच्या मनात भीती असते डायलिसिसची. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने दगावतात. म्हणून किडनीच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर 'यांचा काय संबंध' असं वाटून घेऊ नका. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही असंच. ते वाढलेलं असणं ही किडनीची खूण तर आहेच, हृदयालाही धोका वाढल्याची खूण आहे. तपासणी साधी आहे, लघवीच्या एका नमुन्याची, आणि तरीही ती सर्रास राहून जाते.

यात फुफ्फुसं कुठून आली?

ती मधोमधच आहेत. हृदयाची उजवी बाजू सगळं रक्त फुफ्फुसांत पाठवते, डावी बाजू ते तिथून घेऊन शरीरभर पाठवते. डावी बाजू थकली की तुंबारा फुफ्फुसांत. माणसाला धाप लागते, आडवं पडलं की जास्त.

आजार फुफ्फुसात सुरू झाला तर ताण उजव्या बाजूवर येतो. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आपणहून आवळतात. रक्त वाया जाऊ नये, चांगल्या भागाकडे वळावं, म्हणून केलेली ही सोय. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये ती दाखवून दिली. न्यूमोनियाने एखादा कोपरा बंद पडला तर ही सोय उत्तम. पण सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, किंवा फुफ्फुस कडक होण्याच्या आजारात जवळजवळ सगळीकडेच हवा कमी, म्हणजे सगळीकडेच रक्तवाहिन्या आवळलेल्या. उजव्या बाजूला वर्षानुवर्षं चढावर गाडा ओढावा लागतो. ती पसरते, थकते. मग पाय सुजतात, यकृत फुगतं, मानेच्या शिरा टरारतात, आणि तोच तुंबारा किडनीच्या शिरेपर्यंत जातो. त्यात रक्तातला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असला की किडनीतल्या रक्तवाहिन्याही आवळतात. धूम्रपानाने फुफ्फुसं गेलेल्या माणसाचे पाय का सुजतात, याचं उत्तर असं लांबून फिरून येतं.

झोपेत घोरता घोरता श्वास अडकण्याचा आजारही याच रांगेतला. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होतो, बीपी चढतं, आणि दिवसा तपासणीत काहीच सापडत नाही.

'छातीत पाणी झालंय' म्हणजे नक्की कुठे?

आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो आणि त्यातून फार गोंधळ होतो. एक पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या बारीक पिशव्यांत शिरतं. हे झपाट्याने होऊ शकतं, माणूस गुदमरतो, कधी फेसाळ, गुलाबीसर कफ पडतो. दुसरं पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या दोन आवरणांच्या मध्ये साठतं. हे बहुधा सावकाश होतं आणि गरज पडली तर सुई घालून काढता येतं. आतलं पाणी सुईने निघत नाही. हृदय किंवा किडनी बिघडून दोन्ही प्रकार होऊ शकतात. बाहेरचं पाणी मात्र क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग यांनीही होतं, म्हणून त्याचा नमुना तपासतात. 'पाणी आत आहे की बाहेर?' असं सरळ विचारा.

धाप लागते. ती हृदयाची, फुफ्फुसाची की किडनीची, हे घरी ओळखता येईल का?

अंदाज बांधता येतो, निदान नाही. आडवं पडल्यावर धाप वाढून उशा वाढवाव्या लागत असतील, किंवा झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी गुदमरून जाग येत असेल, तर संशय आधी हृदयावर. वर्षानुवर्षांचा खोकला, कफ, छातीत शिट्टीसारखा आवाज असेल तर फुफ्फुसांवर. पण हृदयाच्या तुंबाऱ्यानेही छातीत शिट्टी वाजते. जुने डॉक्टर त्याला 'हृदयाचा दमा' म्हणत, आणि या नावामुळे कित्येक जण नुसतेच दम्याचे पंप ओढत राहतात.

किडनीची धाप तीन वाटांनी येते : साठलेलं पाणी, उतरलेलं हिमोग्लोबिन आणि रक्तातलं वाढलेलं आम्ल. आम्ल वाढलं की श्वास खोल आणि भराभर होतो, कारण फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल उतरवायला धडपडत असतात. अशा माणसाची छाती अनेकदा स्वच्छ असते, ऑक्सिजनही ठीक असतो, तरी श्वास थांबत नाही.

म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी), स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसांची तपासणी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल उतरवणारा क्षार) एकत्र बघावं लागतं. यातही फसायच्या जागा आहेत. किडनी मंद असेल तर बीएनपी मुळातच वाढलेलं असतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही थोडं वर राहू शकतं, म्हणून एका आकड्यापेक्षा काही तासांत तो चढतोय का हे महत्त्वाचं. फुफ्फुसात तुंबारा असताना केलेली स्पायरोमेट्री खऱ्यापेक्षा वाईट येते.

किडनी आणि फुफ्फुसं यांचं थेट काही नातं आहे का, की सगळं हृदयामार्फतच?

थेटही आहे. रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित दोघं मिळून सांभाळतात. फुफ्फुसं काही मिनिटांत दुरुस्ती करतात, किडनीला दोन-चार दिवस लागतात. सीओपीडीच्या रुग्णाच्या रिपोर्टात बायकार्बोनेट वाढलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा किडनीने कार्बन डायऑक्साइडशी केलेली तडजोड असते. अशा माणसाची किडनीही ढासळली की ही तडजोड मोडते, आणि मग साध्या सर्दी-तापानेही तो दवाखान्यात भरती होतो.

शिवाय काही आजारांत शरीराची प्रतिकारशक्तीच या दोन्ही अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. ल्युपस त्यातला एक, गुडपाश्चर आजार दुसरा. खोकल्यातून रक्त आणि लघवीचा रंग लालसर किंवा गडद तपकिरी, ही जोडी एकत्र दिसली तर वाट बघू नका. असे आजार विरळ असतात, पण त्यात उशीर झाला तर किडनी काही आठवड्यांत कायमची जाऊ शकते.

औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं. गोळी बंद करू का?

स्वतःहून नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा, कारण चांगली औषधं सर्वात जास्त बंद पडतात ती या आकड्याच्या धास्तीने.

रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन गटातली औषधं किडनीच्या गाळणीतला दाब मुद्दाम कमी करतात. दाब उतरला की सुरुवातीला गाळणंही जरा उतरतं, म्हणजे क्रिएटिनिन चढतं. पहिल्या काही आठवड्यांत ते मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढून तिथेच थांबलं आणि पोटॅशियम आटोक्यात असलं, तर डॉक्टर सहसा औषध चालू ठेवतात. समजा १.२ चं १.५ झालं. घरात घबराट उडते, पण हे त्या मर्यादेत बसतं. पुढच्या काही वर्षांत त्याच औषधाने किडनी आणि हृदय दोन्ही टिकतात.

लघवी वाढवणाऱ्या गोळीचं थोडं वेगळं आहे. तुंबारा उतरत असताना क्रिएटिनिन किंचित वाढलं, पण वजन उतरतंय, सूज जातेय, धाप कमी होतेय, तर तो सौदा बहुधा फायद्याचा. वाढलेल्या आकड्याला घाबरून गोळी बंद केली, तर तुंबारा परत येतो आणि किडनी आणखी बिघडते. मात्र सूज नाही, जीभ कोरडी, उभं राहिल्यावर चक्कर, बीपी खाली, आणि क्रिएटिनिन चढतंय, तर पाणी खरोखरच जास्त निघालेलं असू शकतं. आकडा तोच, अर्थ उलटा. म्हणून नुसता रिपोर्ट फोनवर वाचून दाखवू नका, वजन, बीपी आणि सूजही सांगा.

उलट्या, जुलाब, कडक ताप असेल आणि पोटात काही टिकत नसेल, तर यातली काही औषधं दोन-चार दिवस थांबवावी लागतात. कोणती, हे बरं असतानाच विचारून कागदावर लिहून घ्या.

भरपूर पाणी प्यायलं की किडनी 'धुऊन निघते' ना?

नाही. मुतखडा वारंवार होणाऱ्यांना जास्त पाणी सांगतात, तो सल्ला सगळ्यांच्या गळ्यात पडला आहे. हृदय कमजोर असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर जास्तीचं पाणी फुफ्फुसात आणि पायात जाऊन बसतं. तुंबारा असताना दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा अनेकदा सांगतात, डायलिसिसवर असलेल्यांना त्याहून कमी. सूज नसलेल्या, स्थिर रुग्णाला एवढं जखडायची गरज असतेच असं नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. आणि 'लघवी भरपूर होते म्हणजे किडनी ठणठणीत' हेही खरं नाही. पाणी बाहेर टाकणं वेगळं आणि घाण बाहेर टाकणं वेगळं.

आणि मीठ?

पाण्यापेक्षा जास्त लक्ष इथे द्या. अंगात मीठ राहिलं की पाणी त्याच्या मागे राहतंच. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांनाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या चमचाभर आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलंही आलं. 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम असतं, आणि किडनी मंद असलेल्या माणसाला ते महागात पडतं.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून गोळी घेतली तर चालेल का?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांपासून लांब राहा. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवण्याचं काम शरीरातले काही पदार्थ करतात आणि या गोळ्या नेमके तेच अडवतात. बीपीची रॅमिप्रिलसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना त्यात ही तिसरी पडली, तर किडनी काही दिवसांत बसू शकते. वर मीठ-पाणी धरून हार्ट फेल्युअर बळावतं ते निराळं. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सहसा चालतं.

दम्याचा पंप आणि हृदयाची बीटा-ब्लॉकर एकत्र चालतात का?

पंप श्वासनलिका मोकळ्या करायला पेशींवरची बीटा नावाची केंद्रं चालवतो, बीटा-ब्लॉकर गोळी तीच केंद्रं अडवते, म्हणून शंका रास्त आहे. सीओपीडी असेल तर बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या, मुख्यतः हृदयावर काम करणाऱ्या गोळ्या बहुतेकांना चालतात, आणि फुफ्फुसाच्या भीतीने त्या न देणं ही जास्त मोठी चूक ठरू शकते. खऱ्या दम्यात मात्र जपून.

जाता जाता एक गंमत. पंपातलं सालब्युटामॉल रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. किडनी बंद पडून पोटॅशियम धोक्याच्या पातळीला गेलं तर हृदय वाचवण्यासाठी तेच औषध वाफेतून मोठ्या मात्रेत देतात. म्हणजे औषध फुफ्फुसाचं, बिघाड किडनीचा, आणि जीव वाचतो हृदयाचा.

ऑक्सिजन जास्त दिला तर चांगलंच ना?

ज्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा सीओपीडीच्या रुग्णांत नाही. त्यांच्यासाठी ऑक्सिमीटरवर साधारण ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य ठेवतात. ९९ दाखवण्याच्या नादात नळी मोठी सोडली तर गुंगी चढू शकते. घरचा पल्स ऑक्सिमीटर गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर चुकतो, सावळ्या-काळ्या त्वचेवर तर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो.

तिन्हींना उपयोगी पडेल असं एखादं औषध आहे का?

हृदय आणि किडनी दोघांना उपयोगी पडणारं आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधं. लघवीतून साखर बाहेर टाकणारी. २०१९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या आणि २०२० मध्ये किडनीच्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही त्यांचा फायदा दिसला. सुरुवातीला तीही क्रिएटिनिन थोडं चढवतात, जननेंद्रियाच्या जागी बुरशी होऊ शकते, आणि शस्त्रक्रियेआधी काही दिवस ती थांबवावी लागतात.

फुफ्फुसांसाठी अशी एक गोळी नाही. तिन्हींवर चालणारा उपाय म्हणजे धूम्रपान सोडणं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीही घ्या, कारण घसरगुंडी बऱ्याचदा छातीच्या एका संसर्गाने सुरू होते.

वडिलांचे तीन डॉक्टर आणि तीन फायली आहेत. हृदयवाले गोळी वाढवतात, किडनीवाले कमी करतात. ऐकायचं कोणाचं?

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, अडचण अशी की दोघांसमोरचा कागद वेगळा असतो. २००८ मध्ये तज्ज्ञांनी हृदय-किडनीच्या या गुंत्याचे ५ प्रकार पाडले, २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यात लठ्ठपणा आणि मधुमेह जोडून नवं नाव दिलं. नावं सुधारली, फायली मात्र अजून वेगळ्याच आहेत.

त्या तुम्ही एक करा. एका वहीत सगळ्या औषधांची मात्रेसह यादी, आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी घेतलेलं वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काट्यावर ते सूज दिसण्याच्या आधी कळतं. गेल्या वर्षभरातले क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन तारखेसह एका पानावर लिहा. मग प्रत्येक डॉक्टरला तेच पान दाखवून विचारा, 'सध्या हृदय, फुफ्फुसं, किडनी यांपैकी कोण जास्त त्रास देतंय? तुम्ही केलेला बदल बाकीच्या दोन अवयवांना चालणार आहे का?' आणि तिघा डॉक्टरांपैकी एकाला प्रमुख ठरवा, शेवटचा शब्द त्यांचा.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आडवं पडवत नाही, बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, छातीत दाब, फेसाळ किंवा रक्ताचा कफ, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर थेट तातडीचा विभाग. किडनीच्या रुग्णाला अचानक हातापायात लुळेपणा आला किंवा ठोके फार मंद, अडखळत पडू लागले, तर तेही पोटॅशियमचं लक्षण असू शकतं. उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सीओपीडीचा रुग्ण दिवसा गुंगत असेल, गोंधळून बोलत असेल, तर 'रात्री झोप झाली नसेल' म्हणून त्याला तसंच झोपू देऊ नका. निघताना औषधांची वही बरोबर घ्या.